जपानी मेपलच्या वाफ्यात कुठला मल्च टाकायचा (न्यू जर्सी आणि आसपासच्या लोकांसाठी)

एप्रिल संपत आला की इकडे होम डेपो, लोजच्या बाहेर मल्चच्या, म्हणजे झाडाखालच्या मातीवर पसरायच्या आच्छादनाच्या, पिशव्यांच्या थप्प्या लागतात, काळा, लाल, चॉकलेटी, पाच घेतल्या तर स्वस्त, आणि आपण सगळे शनिवारी गाडीच्या डिकीत भरून आणतो. निवड होते ती बहुतेक रंगावर, घराच्या साइडिंगला काय शोभेल त्यावर. बाकीच्या झाडाझुडपांचं एकवेळ त्यात भागतं. पण त्या वाफ्यात जपानी मेपल असेल, मग जात ब्लडगुड असो, क्रिमसन क्वीन असो नाहीतर लाल फांद्यांचा सांगो काकू, तर रंग सगळ्यात शेवटी बघायचा आणि आधी त्याच्या मुळांना काय पाहिजे ते बघायचं. हे झाड नर्सरीत महाग मिळतं, वाढतं सावकाश, आणि नीट राहिलं तर आपल्या मुलांच्या मुलांनाही बघायला मिळेल. एवढ्या मोलाच्या झाडाखाली काय पसरायचं याचा विचार करायला अर्धा तास द्यायलाच हवा असं मला मनापासून वाटतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी मेपलची मुळं समजून घेऊ

जपानी मेपलची मुळं खोल जात नाहीत. वरच्या फूटभर मातीतच बारीक तंतुमुळांचं दाट जाळं पसरलेलं असतं, आणि त्यातली बरीचशी तर अगदी पृष्ठभागाजवळ. त्यामुळे जुलै-ऑगस्टच्या उन्हात वरची माती तापली, वाळली की सगळ्यात आधी फटका यालाच बसतो, पानांच्या कडा करपतात, कुरकुरीत ब्राऊन होतात, आणि लोकांना वाटतं झाडाला काहीतरी रोग झाला. बऱ्याचदा रोग बिग काही नसतो, मुळांना गारवा आणि एकसारखी ओल मिळत नसते एवढंच.

दुसरी बाजू अशी की याच मुळांना हवा पण भरपूर लागते. पाणी साचलं, माती दबली, वर जाड थर बसला की मुळं गुदमरतात, कुजतात, फायटोफ्थोरासारखा मूळकुजीचा रोग लागतो. म्हणजे ओल पाहिजे पण चिखल नको, झाकण पाहिजे पण घट्ट नको. आणि तिसरं, याची साल पातळ असते. बुंध्याला सतत ओला मल्च टेकून राहिला तर साल नरम पडते आणि कीड, बुरशी, उंदीर सगळ्यांना दार उघडं मिळतं.

या तीन गोष्टी डोक्यात ठेवल्या की दुकानातली अर्धी पिशव्यांची रांग आपोआप बाद होते.

आता माती बघा. सॉमरसेट, हंटर्डन, मिडलसेक्सच्या पश्चिमेकडे लालसर शेल खडकाची चिकण माती आहे, खाली पाणी हळू जातं. त्यातून नवीन डेव्हलपमेंट असेल तर बिल्डरने वरची चांगली माती काढून नेलेली असते आणि उरलेली बुलडोझरने दाबून टाकलेली असते. अशा ठिकाणी मल्चचा थर दोन इंचाच्या वर नेऊ नका. उलट टॉम्स रिव्हर, किनाऱ्याकडे किंवा दक्षिण जर्सीत रेताड माती, तिथे पाणी थांबतच नाही, तिथे तीन इंच बिनधास्त द्या, मल्च भरड असेल तर साडेतीन पण चालेल. स्वतःच्या मातीचा अंदाज येत नसेल तर एक फूटभर खोल खड्डा करा, पाण्याने भरा, ते जिरलं की पुन्हा भरा आणि दुसऱ्या वेळी किती वेळात उतरतं ते बघा. चार-पाच तासांनी पण पाणी दिसतंय म्हणजे निचरा कमी. (खड्डा मुळांपासून लांब करा, कृपया झाडाशेजारी नको.) आणि पीएच (माती आम्ल की अल्क) वगैरे जाणून घ्यायचं असेल तर रटगर्स युनिव्हर्सिटीच्या सॉइल टेस्टिंग लॅबला नमुना पाठवता येतो. मेपलला थोडी आम्लधर्मी माती आवडते, साधारण साडेपाच ते साडेसहा.

मग मल्च कुठला

माझी पहिली पसंती पाइन बार्क, म्हणजे पाइनच्या सालीचा चुरा, आणि त्यात पण मध्यम किंवा बारीक. पिशवीवर पाइन बार्क मल्च, सॉइल कंडिशनर, मिनी नगेट्स अशी वेगवेगळी नावं असतात. यात लाकूड कमी आणि साल जास्त असते, साल सावकाश कुजते, एकमेकांत गुंतून चटई होत नाही त्यामुळे पावसाचं पाणी आणि हवा दोन्ही खाली जातात. रंगही गडद ब्राऊन, नैसर्गिक, लाल पानांचा मेपल त्यावर फार सुंदर दिसतो. मेपलखाली होस्टा, ह्युकेरा, फर्न, जपानी फॉरेस्ट ग्रास असं काही लावलेलं असेल तर बारीक चुराच घ्या, मोठे तुकडे छोट्या रोपांच्या गड्ड्यात अडकून बसतात. मोठे नगेट्स सपाट जागी ठीक आहेत, पण उतारावर एक जोरदार थंडरस्टॉर्म आला की तरंगत ड्राइव्हवेवर येतात.

तितकीच चांगली आणि फुकट गोष्ट म्हणजे पानांचा कुजका चुरा, लीफ मोल्ड. जंगलात मेपल ज्यात वाढतो ते हेच. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये लॉनवर पडलेली पानं मॉवरने दोनदा फिरवून बारीक करायची, कोंबड्यांच्या जाळीचं तीन-चार फूट व्यासाचं गोल कुंपण करून त्यात भरायची, ओली करायची आणि विसरून जायची. पुढच्या हिवाळ्यापर्यंत, ओकची पानं जास्त असतील तर दीड-दोन वर्षांत, काळंभोर भुसभुशीत खत तयार. हे दोन इंच पसरलं की गांडुळं स्वतः खाली ओढून नेतात आणि ती बिल्डरने दाबलेली माती हळूहळू मोकळी होते, जे काम कुठलीही पिशवी करत नाही. न कुजलेली अख्खी पानं मात्र जाड थरात टाकू नका, ओली झाली की एकावर एक चिकटून पापुद्रा बनतो आणि पाणी वरून वाहून जातं.

गावाकडे ज्यांची उसाची शेती आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको, पाचट जाळण्यापेक्षा सरीत आच्छादन म्हणून ठेवलं की जमिनीत ओल टिकते आणि खत पण होतं, तेच तत्त्व इथे. फक्त तिथे ऊस वर्षा-दोन वर्षाचा आणि इथे झाड पन्नास वर्षांचं, त्यामुळे बुंध्याजवळ जास्त जपायचं.

तिसरा पर्याय झाड कापणाऱ्यांचे वुड चिप्स. झाड छाटणाऱ्या कंपनीचा ट्रक गल्लीत आला की विचारा, बरेचदा आनंदाने देऊन जातात कारण त्यांना ते टाकायला पैसे पडतात, चिपड्रॉप या वेबसाइटवर नाव नोंदवलं तरी येतात, पण अख्खा ट्रक येतो, ड्राइव्हवे भरतो, हे लक्षात ठेवा, एचओए (घरमालकांची सोसायटी) असेल तर आधी विचारून घ्या. यात साल, लाकूड, पानं सगळं मिसळलेलं असतं म्हणून थर छान हवेशीर राहतो. लोक घाबरतात की ताजे चिप्स मातीतला नायट्रोजन ओढून घेतात. वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीच्या लिंडा चॉकर-स्कॉट यांनी यावर वर्षानुवर्षं लिहिलंय, की चिप्स वरती पसरलेले असतील तर हा परिणाम फक्त माती आणि चिप्स जिथे टेकतात त्या पातळ थरात होतो, झाडाच्या मुळांना काही होत नाही. मातीत कालवले तर मात्र होतो. म्हणून खणून मिसळायचं नाही, वरच ठेवायचं. फक्त एक गोष्ट विचारा, कापलेलं झाड कशाचं होतं आणि का कापलं. मेपलला व्हर्टिसिलियम विल्ट नावाचा मातीतून लागणारा रोग होतो ज्यावर औषध नाही, एकेक फांदी अचानक सुकत जाते. वरवर पसरलेल्या चिप्समधून तो लागण्याचा धोका कमी असला तरी सुकून मेलेल्या मेपलचे चिप्स मी आपल्या मेपलखाली घालणार नाही. तेवढं जपायला काही खर्च येत नाही.

श्रेडेड हार्डवूड, म्हणजे इथे सगळ्यात जास्त विकला जाणारा रेषा-रेषांचा मल्च, वाईट नाही. उतारावर तो हलत नाही हा मोठा गुण. पण दोन-तीन वर्षांत एकावर एक थर देत गेलं की त्याची चटई होते, वरून सुकी पडते आणि पाणी आत शिरतच नाही, स्प्रिंकलर रोज चालू आणि खाली माती कोरडी ठणठणीत. हा वापरत असाल तर वर्षातून दोनदा हाताने किंवा छोट्या दाताळ्याने वरचा थर हलवून मोकळा करायचा, खोल नाही, खाली मुळं आहेत.

सीडार टिकतो जास्त, वासही छान, महाग असतो, परवडत असेल तर घ्या. सायप्रस मल्च मी घेत नाही कारण दक्षिणेकडच्या पाणथळ जंगलातली झाडं त्यासाठी तोडली जातात आणि आपल्याला इतके बाकीचे पर्याय आहेत.

रंगवलेला मल्च

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो म्हणून वेगळा घेते. काळा आणि लाल मल्च रंगवलेला असतो. लाल-ब्राऊनसाठी आयर्न ऑक्साइड आणि काळ्यासाठी बहुतेक कार्बन ब्लॅक, म्हणजे रंगाने झाड मरत नाही. अडचण आहे ती लाकडाची. रंग लाकडावर धरतो, सालीवर तितका नाही, म्हणून यात जुनी पॅलेट्स आणि बांधकामाचं टाकाऊ लाकूड दळून घातलेलं असतं. त्यात कुठलं लाकूड आलंय आपल्याला दिसत नाही. पूर्वी डेक, कुंपणाच्या लाकडाला आर्सेनिक असलेलं सीसीए द्रावण देत, घरगुती वापरासाठी ते २००३ च्या शेवटी बंद झालं, पण तेव्हाचे डेक आजही पाडले जातात. त्यामुळे रंगवलेलाच घ्यायचा असेल तर पिशवीवर मल्च अँड सॉइल कौन्सिल या मल्चवाल्यांच्या संस्थेचा शिक्का बघा, त्यांच्या नियमात सीसीए लाकूड चालत नाही. सुट्टा मल्च स्वस्तात कुणी आणून टाकत असेल तर कुठून येतो विचारा.

शिवाय काळा मल्च दुपारच्या उन्हात चांगलाच तापतो. पश्चिमेकडे तोंड असलेल्या वाफ्यात, जिथे मेपलला आधीच दुपारचं ऊन जास्त होतंय, तिथे काळा नकोच. पूर्वेला किंवा ओकच्या सावलीत असेल तर फारसा फरक पडणार नाही.

हे नको

दगड-गोटे, विशेषतः पांढरे. दिवसभर तापतात, रात्री उष्णता सोडतात, खालून पानांवर उजेड फेकतात. मार्बल आणि लाइमस्टोनचे असतील तर हळूहळू मातीचा पीएच वर नेतात, जे मेपलला नको असतं. जपानी बागांच्या फोटोत खडी दिसते म्हणून लोक घालतात, पण नीट बघा, मेपलच्या पायाशी तिथे शेवाळं असतं आणि खडी असते लांब. सावली आणि ओल असेल तर शेवाळं इथेही छान धरतं आणि ते मेपलखाली मल्चपेक्षा सुरेख दिसतं, पण त्याला पालापाचोळ्यापासून सतत साफ ठेवावं लागतं.

रबर मल्च अजिबात नको, टायरचा चुरा तो, माती सुधारत नाही, उन्हात तापतो, आणि एकदा मातीत मिसळला की काढता येत नाही. मल्चखाली ते काळं लँडस्केप फॅब्रिक पण नको. पहिली दोन वर्षं तण कमी दिसतं, मग वरती जमलेल्या मातीत तण उगवतं आणि त्याची मुळं फॅब्रिकमध्ये घुसतात, मेपलची बारीक मुळं पण फॅब्रिकच्या वर येऊन बसतात आणि पुढे कधी ते काढायला गेलात तर मुळांसकट निघतं. तण फार असेल तर साधा पुठ्ठा, टेप आणि स्टेपल काढून, ओला करून, फक्त तणावर आणि बुंध्यापासून दोन फूट लांब. तेही एकाच थरात.

कोको मल्च, चॉकलेटचा वास येणारा, घरात कुत्रा असेल तर आणू नका, त्यात थिओब्रोमीन असतं आणि ते कुत्र्यांना विषारी आहे.

आणि आपल्याकडची सवय, चहाचा चोथा आणि कॉफीची पूड थेट झाडाखाली. थोडी असेल तर हरकत नाही पण रोज त्याच जागी टाकली की वाळून कडक पापुद्रा होतो, पाणी अडतं, दूध-साखरेच्या चोथ्याला मुंग्या येतात. कंपोस्टमध्ये टाका, तिथून वाफ्यात येऊ दे. देवाच्या फुलांचं निर्माल्यसुद्धा तसंच, दोरा, तार काढून कंपोस्टमध्ये.

घराच्या भिंतीजवळचा वाफा असेल तर

बहुतेकांचा मेपल दारासमोर, भिंतीपासून सहा-आठ फुटांवर असतो. इथे दोन गोष्टी. मल्च फाउंडेशनपासून सहाएक इंच लांब ठेवा, साइडिंगला तर कधीच टेकू देऊ नका, जर्सीत वाळवी आहे आणि ओला मल्च तिला आयता रस्ता देतो.

दुसरी आर्टिलरी फंगस. नाव नसेल ऐकलं पण प्रताप पाहिला असेल, पांढऱ्या विनाइल साइडिंगवर, गाडीवर बारीक काळे डांबरासारखे ठिपके, टाचणीच्या डोक्याएवढे, घासून निघत नाहीत, निघाले तर डाग ठेवून जातात. ही बुरशी कुजणाऱ्या लाकडावर वाढते आणि वसंतात आणि शरदात गार ओल्या हवेत उजेडाच्या दिशेने बीजाणू उडवते, पंधरा-वीस फूट सुद्धा. पांढरी भिंत उजेड परावर्तित करते म्हणून नेम तिच्यावर. लाकूड जास्त असलेल्या मल्चमध्ये हिचं फावतं, पाइनच्या मोठ्या सालींमध्ये खूप कमी कारण त्या लवकर कोरड्या होतात. पेन स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांना असं दिसलं की मल्चमध्ये ४० टक्के वापरून झालेलं मश्रूम कंपोस्ट मिसळलं तर ही बुरशी बरीच आटोक्यात येते, आणि ते आपल्याला जवळच मिळतं कारण पेनसिल्व्हेनियात केनेट स्क्वेअरला मश्रूमची केवढी तरी शेती आहे. पण मश्रूम कंपोस्टमध्ये क्षार जास्त असतात आणि ते अल्कधर्मी असतं, म्हणून ते मिश्रण भिंतीलगतच्या पट्ट्यातच ठेवा, मेपलच्या पसाऱ्याखाली साधा पाइन बार्क. एकाच वाफ्यात दोन प्रकार चालतात, रंग सारखे असले की कुणाच्या लक्षातही येत नाही.

पावसानंतर मल्चवर पिवळा फेसासारखा, ओकारीसारखा गोळा दिसला तर ती स्लाइम मोल्ड, झाडाला काही करत नाही, फावड्याने उचलून टाका.

किती आणायचा

हिशोब सोपा आहे पण लोक अंदाजाने आणतात आणि मग उरलेला सगळा झाडाभोवती ओततात, खरा घोळ तिथे होतो. लांबी गुणिले रुंदी फुटात, गुणिले जाडी फुटात. दहा बाय सहाचा वाफा, तीन इंच म्हणजे पाव फूट, तर ६० गुणिले पाव बरोबर १५ घनफूट. पिशवी बहुतेक दोन घनफुटाची, म्हणजे साडेसात, आठ आणा. दोनच इंच द्यायचा असेल तर दहा घनफूट, पाच पिशव्या. मोठं काम असेल तर यार्डाने मागवा, एक क्युबिक यार्ड म्हणजे २७ घनफूट, साडेतेरा पिशव्या, तीन इंचाने १०८ चौरस फूट झाकतो आणि दोन इंचाने १६२. जुना मल्च आधीच दोन इंच शिल्लक असेल तर नवीन आणूच नका. रंग उडालाय म्हणून नवा थर नको, जुना नुसता वरखाली करा, खालचा गडद भाग वर येतो आणि दिसायला नवाच दिसतो.

टाउनशिपच्या पब्लिक वर्क्स यार्डात फुकट मल्च, लीफ कंपोस्ट मिळतं का ते पण विचारा. न्यू जर्सीत १९८७ च्या रिसायकलिंग कायद्यापासून पानं लँडफिलला जात नाहीत, टाउनशिप ती गोळा करून कंपोस्ट करतात, आणि बऱ्याच ठिकाणी रहिवाशांना परत देतात. घ्यायच्या आधी मूठभर हातात घेऊन वास घ्या. जंगलातल्या पावसाळी मातीसारखा वास आला तर उत्तम. व्हिनेगर, अमोनिया किंवा सडक्या अंड्याचा वास आला तर तो ढीग आतून हवा न मिळता आंबलेला आहे, असा मल्च एका दिवसात कोवळी झाडं जाळतो. तो पातळ पसरून काही दिवस उन्हावाऱ्यात ठेवा, वास पूर्ण गेला की मगच वापरा.

जंपिंग वर्म्स पण बघा, आशियातून आलेली ही गांडुळं मल्च आणि कंपोस्टमधून पसरतात, हात लावला की सापासारखी वळवळतात, आणि वरची माती कॉफीच्या दाण्यादार पुडीसारखी करून टाकतात जिच्यात मुळं धरत नाहीत. मोठी गांडुळं थंडीत मरतात पण त्यांची अंडी टिकतात. ढीग १०४ डिग्री फॅरनहाइटला तीन दिवस तापला की अंडी मरतात, म्हणून पिशव्या किंवा छोटा ढीग पारदर्शक प्लास्टिकखाली भर उन्हात ठेवून थर्मामीटरने आतलं तापमान बघितलेलं बरं.

पसरायचा कसा

वेळ निवडा मेच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्याची, माती थोडी तापलेली असते आणि पावसाची ओल पण असते. मार्चमध्ये गार मातीवर झाकलं तर मुळं उशिरा जागी होतात. आधी तण उपटा, माती कोरडी असेल तर भरपूर पाणी द्या, सोकर होज (पाणी झिरपवणारी नळी) घालायची असेल तर आत्ता, मल्चच्या खाली.

मग गुडघ्यावर बसा आणि बुंधा शोधा. म्हणजे जिथे खोड रुंद होत मुळांमध्ये उतरतं ती जागा, रूट फ्लेअर. ती डोळ्यांना दिसली पाहिजे. खोड जर खांबासारखं सरळ मातीत घुसलेलं दिसत असेल तर वर माती नाहीतर जुना मल्च चढलाय, हाताने, बोटांनी हळूहळू तो बाजूला करा जोवर फ्लेअर दिसत नाही. बारीक मुळं बुंध्याला गोल वेटोळं घालताना दिसली तर ती पेन्सिलएवढी असतील तर कात्रीने छाटता येतात, अंगठ्यापेक्षा जाड असतील तर हात लावू नका, न्यू जर्सीचं लायसन्स असलेल्या ट्री एक्स्पर्टला बोलवा. ही वेटोळी मुळं झाडाचा गळा आवळतात आणि ती तयार होण्याचं एक मोठं कारण हेच की बुंध्यावर ओला मल्च असला की झाड त्यात वरती नवी मुळं फोडतं.

कलम कुठे आहे तेही बघून ठेवा, विकत मिळणारे बहुतेक मेपल कलमी असतात आणि कलमाचा सांधा कधीच झाकायचा नाही.

क्रिमसन क्वीन, तामुकेयामासारख्या खाली झुकणाऱ्या मेपलकडे जास्त लक्ष द्या. त्यांच्या फांद्या जमिनीपर्यंत घागऱ्यासारख्या पडतात, आतलं दिसत नाही, आणि लँडस्केपर बाहेरून फावड्याने आत ढकलत राहतो. वरून झाड सुंदर आणि आत बुंधा फूटभर मल्चमध्ये बुडालेला. फांद्या उचलून आत बघा, दर वर्षी.

आता पसरवा. खोडाभोवती चार ते सहा इंच जागा पूर्ण मोकळी. तिथून बाहेर हळूहळू चढवत दोन-तीन इंचाचा सपाट थर, शक्य तितका रुंद, फांद्यांचा पसारा जिथे संपतो तिथपर्यंत तरी, कारण मुळं तिथेच आणि त्याच्याही पुढे असतात. मध्ये खोलगट, बाहेर सपाट, बशीसारखा आकार. इकडे जवळपास प्रत्येक सबडिव्हिजनमध्ये झाडाभोवती मल्चचे ज्वालामुखीसारखे डोंगर दिसतात, आणि ते इतके सर्रास आहेत की तेच बरोबर वाटायला लागतं. ते चुकीचंच आहे. लँडस्केपरला आधीच स्पष्ट सांगा, "खोडाला मल्च लागता कामा नये, जुना काढल्याशिवाय नवा टाकायचा नाही", आणि काम चालू असताना एकदा बाहेर जाऊन बघा. एचओएचं कंत्राट असेल तर मेल करून सांगा, आणि तरी डोंगर करून गेले तर त्याच संध्याकाळी हाताने मागे ओढून घ्या.

टाकून झालं की पुन्हा पाणी, मल्च नीट बसतो आणि उडत नाही. पुढे पाणी घालायच्या आधी बोटाने मल्च बाजूला करून खालची माती चाचपा, वरचा मल्च कोरडा म्हणजे माती कोरडी असं नसतं. मल्च चांगला असेल तर उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा खोल पाणी बहुतेकदा पुरतं, कोवळ्या झाडाला दोनदा.

हिवाळ्याआधी

थँक्सगिव्हिंगच्या आसपास एक फेरी मारा. जमीन गार झाल्यावर रेताड जागी किंवा नवीन लावलेल्या झाडाला लीफ मोल्डचा इंचभर जादा थर देता येतो, त्याने माती गोठणं-वितळणं कमी होतं आणि नवीन झाड उचकटून वर येत नाही. पण बुंधा तेव्हाही मोकळा, कारण बर्फाखाली जाड मल्चमध्ये व्होल, म्हणजे रानउंदीर, घर करतात आणि साल कुरतडून खोडाभोवती गोल पट्टा काढतात. तसा पूर्ण गोल पट्टा निघाला की झाड वाचवणं कठीण. उंदरांचा त्रास असलेल्या ठिकाणी पाव इंची हार्डवेअर क्लॉथची जाळी खोडाभोवती सैल गुंडाळून दोन इंच मातीत खोचा, वसंतात काढा.

वॉकवेच्या कडेचा वाफा असेल तर मीठ मारलेला बर्फ फावड्याने मेपलच्या बाजूला फेकू नका. मल्च ते मीठ धरून ठेवतो आणि मार्चमध्ये सगळं मुळांत उतरतं. दुसऱ्या बाजूला लॉनवर टाका, किंवा त्या भागात मिठाऐवजी नुसती वाळू वापरा.

टाउनहाउसवाले, ज्यांचा मेपल डेकवर कुंडीत आहे, त्यांच्यासाठी एवढंच, पाइन बार्कचा बारीक चुरा, एक इंचच, कुंडीच्या काठापासून एक इंच खाली राहील असा, नाहीतर पाणी घातलं की मल्चसकट डेकवर येतं. कुंडीत ओल पटकन कळत नाही म्हणून कुंडी थोडी उचलून वजनावरून अंदाज घ्या, हलकी लागली की पाणी द्या.